जारमधली विहीर: फॅरेडेचं कौतुक आणि माझी तक्रार

मागच्या दिवाळीत मैत्रिणीने मला एक सुगंधी मेणबत्ती दिली. जाड काचेचा जार, वर लाकडी झाकण, मोगऱ्याचा वास. हॉस्टेलच्या खोलीत वासाचे इतर जे प्रकार असतात त्यावर हा उतारा फारच बरा होता. रोज रात्री वाचन संपलं की अर्धा तास लावायची आणि झोपताना विझवायची, असं आठवडाभर चाललं. आठव्या दिवशी बघते तर मधोमध चक्क विहीर! कडेचं मेण दोन बोटं जाड, जसंच्या तसं उभं. वात खाली तळाकडे गेलेली, ज्योत इवलीशी आणि मोगरा गायब. मेणबत्त्यांच्या धंद्यात याला 'टनेलिंग' म्हणतात.

योगायोग असा की त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर मायकेल फॅरेडेचं 'द केमिकल हिस्टरी ऑफ अ कँडल' होतं. माझा विषय विजेआधीच्या घरगुती उजेडाचा इतिहास, त्यामुळे हे पुस्तक टाळताच येत नाही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 1860-61 च्या नाताळात फॅरेडेने मुलांसमोर दिलेली ही व्याख्यानं 1861 मध्ये पुस्तकरूपात आली. पहिल्याच व्याख्यानात तो मेणबत्तीच्या माथ्यावर तयार होणाऱ्या वाटीबद्दल बोलतो. ज्योतीच्या उष्णतेने हवा वर चढते, खालून थंड हवा मेणबत्तीच्या बाहेरच्या अंगाला घासत येते आणि कड गार ठेवते. मधलं मेण वितळतं, कडेचं घट्ट राहतं. या वाटीत वितळलेलं इंधन साठतं आणि वात ते हळूहळू वर ओढून घेते. फॅरेडेला या रचनेचं केवढं कौतुक! नक्षीदार, खाचा पाडलेल्या मेणबत्त्या दिसायला सुंदर असतात, पण त्यांना अशी सलग कड मिळत नाही म्हणून त्या नीट जळत नाहीत, हेही तो मुलांना दाखवतो.

आणि इथे मी अडकले. कडेला न वितळता उभ्या राहणाऱ्या ज्या भिंतीला फॅरेडे गुण म्हणतो, तीच माझ्या जारमध्ये दोष कशी झाली?

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींसाठी सांगते, प्रश्न सापडला म्हणजे बहुतेक वेळा असंच काहीतरी घडलेलं असतं. 'मेणबत्तीचा इतिहास' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. गाईडसमोर 'मला मेणबत्तीवर काम करायचंय' म्हटलं तर समोरून 'बरं, मग?' एवढंच येणार (अनुभवाचे बोल आहेत). पण एकाच गोष्टीला दोन काळांतली माणसं उलट नावं ठेवत असतील, तर मधे काहीतरी बदललेलं असतं. ते काय, हे शोधता येतं.

फॅरेडेच्या मागे जरा जाऊ. मराठीत 'मेणबत्ती' म्हणताना आपण नकळत एक चूक करतो, कारण अठराव्या शतकातल्या युरोपात सामान्य घरात जळायची ती मुळात चरबीबत्ती होती. बैल-मेंढ्यांची चरबी वितळवून त्यात सुताची वात बुडवायची. मधमाश्यांचं मेण चर्चमध्ये, दरबारात आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यात. चरबीला वास यायचा, ती लवकर मऊ पडायची, ओघळायची. पण सगळ्यात मोठी कटकट वातीची होती. सरळ किंवा पिळलेली वात ज्योतीच्या मधोमध ताठ उभी राहते. ज्योतीच्या पोटात ऑक्सिजन पोचत नाही, त्यामुळे वातीचं टोक जळून राख होण्याऐवजी कोळसा होऊन वाढत राहतं. मग ज्योत धुरकट होते, उजेड पडतो आणि जादा उष्णतेने कड वितळून चरबी खाली धावते. म्हणून दर थोड्या वेळाने कोणीतरी उठून ते टोक कातरायचं. त्यासाठी खास कात्री असायची, पात्यावर छोटी डबी बसवलेली, म्हणजे कातरलेला निखारा आतच पडेल. इंग्रजीत या कामाला 'स्नफ' करणं म्हणत.

या शब्दाने मला सुरुवातीला चांगलंच फसवलं. आजच्या इंग्रजीत मेणबत्ती 'स्नफ' करणं म्हणजे विझवणं. जुन्या घरगुती पुस्तकांत नोकराला मेणबत्त्या वारंवार 'स्नफ' करायला सांगितलेलं वाचून मी काटकसरीवर एक अख्खा परिच्छेद लिहून टाकला होता, की बघा, हे लोक सारखे दिवे विझवायचे! प्रत्यक्षात ते दिवे नीट जळते ठेवत होते. परिच्छेद गेला कचऱ्यात. गंमत म्हणजे आपल्या शेजारच्या हिंदी-उर्दूत असाच एक शब्द आहे. 'गुल' म्हणजे वातीचं जळकं टोक, ते कातरायची कात्री म्हणजे 'गुलगीर', आणि 'बत्ती गुल' म्हणजे मात्र अंधार. जुनं साधन वाचताना ओळखीचा शब्द जास्त धोकादायक असतो. अनोळखी शब्दासाठी आपण निदान कोश तरी उघडतो.

हे कातरण्याचं काम किती होतं? काउंट रम्फर्डने प्रकाश मोजण्याचे जे प्रयोग केले, त्यातली एक नोंद इथे उपयोगी पडते. नुकतीच कातरलेली साधी चरबीबत्ती पूर्ण तेजाने जळताना तिचा उजेड 100 धरला, तर न कातरता 11 मिनिटांत तो 39 वर आला आणि 29 मिनिटांत 16 वर. मेणबत्ती जरा हलक्या प्रतीची होती, हे लक्षात ठेवून आकडा वापरायचा. आता यावरून साधं गणित करा. उजेड निम्म्याच्या खाली जाऊ द्यायचा नसेल तर साधारण दर दहा मिनिटांनी कातरणं आलं. चार तासांच्या संध्याकाळी एका मेणबत्तीमागे 24 वेळा. खोलीत सहा असतील तर 144 वेळा कोणीतरी हात लावणार. हे 144 प्रत्यक्षात कुठे घडले असा माझा दावा नाही. पण असा हिशेब मांडला की प्रकाशाच्या आकड्यामागे एक माणूस दिसायला लागतो.

तो माणूस स्वतः मात्र काही लिहून ठेवत नाही. मोठ्या नाट्यगृहांत मेणबत्त्या कातरायला वेगळा माणूस ठेवलेला असे. घरात हे काम नोकर-मोलकरणींचं, आणि नोकर नसेल तिथे घरातल्या बायका-मुलांचं. जोनाथन स्विफ्टचं 1745 मध्ये छापलेलं 'डिरेक्शन्स टू सर्व्हंट्स' हे उपरोधिक पुस्तक आहे. त्यात तो नोकरांना उलटे सल्ले देतो, म्हणजे बोटांनीच वात कातरा आणि टोक जमिनीवर टाकून पायाने चिरडा, कात्री झिजायची वाचेल! आपण हसतो. पण हसून झालं की विचारायचं, हे कोणाच्या नजरेतून लिहिलंय? मालकाच्या. बोटं कोणाची भाजत होती? विनोद हा पुरावा असतोच. फक्त तो ज्याच्यावर केलाय त्याच्याबद्दल कमी सांगतो आणि जो हसतोय त्याच्याबद्दल जास्त.

1820 च्या दशकात फ्रान्समध्ये दोन गोष्टी जवळजवळ एकदम घडल्या. मिशेल युजीन शेव्हरलने चरबीचं रसायनशास्त्र उलगडलं (त्याचा ग्रंथ 1823 चा) आणि 1825 मध्ये गे-ल्यूसाकबरोबर स्टिअरिक आम्लाच्या मेणबत्तीचं पेटंट घेतलं. शुद्ध स्टिअरिक आम्ल साधारण 69 अंश सेल्सिअसला वितळतं, चरबी त्याच्या बऱ्याच आधी. म्हणजे कड टिकते, वाटी टिकते. आणि त्याच सुमारास कांबासेरेसने वात वेणीसारखी विणली. विणलेली वात जळताना एका बाजूला वाकते, तिचं टोक ज्योतीबाहेर येतं, तिथे ऑक्सिजन भरपूर, म्हणून टोक आपलं आपण जळून राख होतं. कात्रीची गरजच संपली! पुढे बोरिक आम्लासारखी द्रव्यं वापरून ही वात आणखी सुधारली गेली. 1840 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या लग्नाच्या वेळी, रोषणाईसाठी खिडक्यांत दिवे लावायचे म्हणून, लंडनच्या प्राइस कंपनीने न कातरावी लागणारी स्वस्त 'कॉम्पोझिट' मेणबत्ती बाजारात आणली. तिच्यात स्टिअरिक आम्लासोबत खोबरेल तेलातला घट्ट भाग होता. याच कंपनीने पुढे ब्रह्मदेशातल्या खनिज तेलापासूनही मेणबत्त्या केल्या. वसाहतींचा हा धागा वेगळ्या लेखाचा आहे, इथे सोडून देते.

आता सापळा बघा. ही गोष्ट इथे संपवली तर छान वाटते. अडचण होती, शास्त्रज्ञ आले, अडचण सुटली. मीही पहिल्या मसुद्यात तसंच लिहिलं होतं. पण जारने ते बिघडवलं, आणि त्याबद्दल मी त्याची आभारी आहे.

फॅरेडेच्या मेणबत्तीचं काम उजेड देणं. ती उघडी उभी असते, वितळलेलं मेण धरायला तिच्याजवळ स्वतःच्या कडेशिवाय दुसरं काही नाही. ती कड वितळली की सगळं ओघळलं. माझ्या मेणबत्तीचं काम उजेड देणं नव्हतंच, खोलीत ट्यूबलाइट आहे. तिचं काम वास देणं. आणि जारमधला वास मुख्यतः ज्योतीतून नव्हे, तर ज्योतीभोवती वितळलेल्या मेणाच्या गरम पृष्ठभागावरून वर येतो. तळं जेवढं रुंद, तेवढा सुगंध. मेण धरायला काच आहे, त्यामुळे मेणाची कड आता राखण करत नाही, वाट अडवते. उघड्या मेणबत्तीत जी आपत्ती, म्हणजे कडेपर्यंत सगळं वितळणं, तीच जारमध्ये 'एकसारखं जळणं' झाली. निसर्गनियम दोन्हीकडे तेच आहेत. उद्देश आणि भांडं बदललं, म्हणून गुणदोषांची नावं उलटी झाली.

जारमधल्या वातीचे प्रश्नही मग वेगळे. मेण मुद्दाम मऊ, कमी तापमानाला वितळणारं. भोवती तळं झालं की वात आधाराशिवाय लवंडते. म्हणून तळाशी धातूची चकती, आणि काही वातींच्या पोटात धातूची तार. अशा वातींत शिशाची तारही असायची आणि ती जळताना शिसं हवेत जायचं. अमेरिकेने 2003 मध्ये शिशाच्या तारेच्या वातींवर बंदी घातली. तिकडे घराघरांत सुगंधी जार पोचवणाऱ्या कंपन्यांपैकी एकीची सुरुवात मॅसॅच्युसेट्समध्ये 1969 साली झाली होती. मायकेल किट्रिज नावाच्या शाळकरी मुलाने आईला भेट म्हणून जुने क्रेयॉन वितळवून मेणबत्ती केली, तीच पुढे 'यँकी कँडल'. भेटवस्तूपासून सुरुवात झालेली ही एकच मेणबत्ती नाही हे वाचून मला उगाचच बरं वाटलं.

आणि जारवरची सूचना? मी ती विहीर पडल्यावर वाचली. प्रत्येक वेळी लावण्याआधी वात साधारण 6 मिलिमीटर ठेवून कातरा. पहिल्या वेळी मेण कडेपर्यंत वितळेपर्यंत विझवू नका, म्हणजे जारच्या रुंदीच्या दर इंचाला साधारण एक तास. एका वेळी चार तासांपेक्षा जास्त जाळू नका. वाऱ्यात ठेवू नका. थोडक्यात, 1825 च्या सुमारास वेणीच्या वातीने जे काम नोकराच्या हातून काढून घेतलं होतं, ते जारने परत आणलं. फक्त आता ते विकत घेणाऱ्याकडे आलं, आणि त्याला छंद म्हणतात. त्यासाठीची वाकडी कात्रीही मिळते, कातरलेला तुकडा पात्यावरच झेलणारी. संग्रहालयातल्या अठराव्या शतकातल्या कात्रीचा फोटो शेजारी ठेवून बघा.

हा शेवटचा मुद्दा माझ्या प्रकरणात घेऊ की नको, यावर गाईडशी अजून वाद चालू आहे. सरांचं म्हणणं, नोकराचं सक्तीचं काम आणि हौशी माणसाचं रविवारचं काम एका ओळीत ठेवलं तर पहिल्याचं वजन कमी होतं. मला ते पटतं. तरी दोन्हींत हाताची हालचाल तीच आहे, हे मला सोडवत नाही. सध्या तळटीप म्हणून ठेवलंय.

मेणबत्तीचं काय झालं विचाराल, तर ती वाचली. जारच्या तोंडावर अॅल्युमिनियम फॉइलची टोपी केली, मधे ज्योतीला हवा मिळेल एवढं भोक ठेवलं आणि पंखा बंद केला. फॉइलमुळे उष्णता कडेपाशी अडकते. समोरून न हलता बसून राहिले, कारण फॉइल तापतं आणि अशी मेणबत्ती सोडून जायची नसते. दीडेक तासात भिंत खचली, तळं काचेला टेकलं. वात तेवढ्यात तेलकट मेणात बुडायला आली होती, म्हणून ज्योत विझवून थोडं मेण चमच्याने काढलं, वात नखकात्रीने कातरली आणि परत लावली. मोगरा पार कॉरिडॉरपर्यंत गेला. शेजारच्या खोलीतली मुलगी विचारायला आली, आज पूजा आहे का म्हणून.