परशुरामाची सत्ती

आजीच्या गंजिफांच्या, म्हणजे गोल पत्त्यांच्या, डब्यात 119 पानं होती. असायला हवीत 120. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं : राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. हरवली होती परशुरामाची सत्ती. आजीने लग्नपत्रिका गोल कापून लाल शाईने त्यावर सात परशू काढले होते. परशू कमी, चमचे जास्त.

आजी सावंतवाडीची, माहेर चितार आळीपासून हाकेच्या अंतरावर. ती सांगायची, आळीत शिरलं की आधी लाखेचा वास यायचा. कापडाला चिंचोक्याची खळ लावून थर चिकटवायचे, वर खडूचा लेप, मग गुळगुळीत दगडाने घोटाई. रंग त्यानंतर. खेळाला तिघं लागत. पाच अवतारांत दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का. मी हमखास घोळ घालायचो. "दिवसाची उतारी रामाची, रातची कृष्णाची. ध्यानात ठेव, नायतर उठ," आजी खेकसायची.

बाबराने 1527 साली सिंधला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. त्या दरबारी खेळात आपल्याकडे दशावतार येऊन बसले. पुढे छापील पत्ते स्वस्त झाले आणि चितारी लाकडी खेळण्यांकडे वळले. 1970च्या सुमारास सावंतवाडीत गंजिफा जाणणारा म्हातारा कारागीर एखादाच उरला होता. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी स्वतः त्याच्याकडे शिकायला बसले, मग राजवाड्यात इतरांना शिकवू लागले. राजाने कारागिराला आश्रय दिल्याच्या गोष्टी पुष्कळ आहेत. त्याची शागिर्दी केल्याची गोष्ट मला जास्त आवडते. 2024मध्ये सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळालं. लोक मात्र आता त्या काचेच्या चौकटीत लावतात.

परवा राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये एका चित्रकार मुलीला विचारलं, एकच पान करून द्याल? तिने आजीचे चमचे पाहिले, हसली नाही. बारीक कुंचल्याने सात परशू काढले, एकही दुसऱ्याला शिवला नाही.

घरी बहिणीला आणि भाचीला बसवून डाव मांडला. दुसऱ्याच हाताला भाची ओरडली, "मामा, परशुरामाची सत्ती तुझ्याकडे आहे!" जुन्या मळकट पाठींमध्ये नव्या पानाची पाठ लखलखत होती. बहीण म्हणाली, चमचेवालीच घे. ती पत्रिकेची, तीही ओळखू येते. आजी इतकी वर्षं जिंकायची कशी, हे तेव्हा कळलं.

भाची आता नवी सत्ती फ्रॉकवर घासत बसली आहे.