इंपीरियल खोऱ्यातील 'हिंदू'

कॅलिफोर्नियाच्या अगदी दक्षिणेस, मेक्सिकोच्या सरहद्दीला लागून, इंपीरियल नावाचे एक खोरे आहे. १९०१ साली कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्याने तेथे पोहोचले आणि वाळवंटात शेती सुरू झाली. पुढे कापूसही पिकू लागला. या पाण्यामागोमाग जी माणसे आली त्यांत पंजाबातील शेतकरी होते. त्यांत बहुतेक शीख, थोडे मुसलमान, आणि हिंदू अगदी तुरळक. अमेरिकन लोक मात्र त्या सर्वांना सरसकट 'हिंदू'च म्हणत.

१९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानातून येणाऱ्या मजुरांना अमेरिकेचे दार बंद झाले. पंजाबातील बायकामुलांना आणणे दुरापास्त झाले. गोऱ्या स्त्रीशी विवाह करावा, तर लोकांचा रोष ओढवे. शिवाय गोऱ्यांनी कोणाशी विवाह करू नये हे राज्याच्या कायद्यानेच ठरविले होते. त्या कायद्याचा अंमल अखेर परवाना देणाऱ्या कारकुनाच्या नजरेवर अवलंबून असे. वधू आणि वर त्याला सारख्याच वर्णाचे दिसले, की काम होई. मेक्सिकोतील १९१० च्या क्रांतीनंतर अनेक कुटुंबे सरहद्द ओलांडून कापूस वेचावयास आली होती. त्या घरांतील मुलींशी या पंजाब्यांचे विवाह झाले. एका बहिणीचे झाले की दुसरीचेही जुळे. चुलीवर तोर्तिया आणि रोटी दोन्ही भाजल्या जात. मुले आईची स्पॅनिश बोलत, कॅथलिक देवळात त्यांचा बाप्तिस्मा होई. नाव स्पॅनिश आणि आडनाव सिंग किंवा खान. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता म्हणून कित्येकदा बापाचा एखादा शीख मित्रच उभा राही!

अशा घरासमोर शिरगणतीचा अधिकारी कागद घेऊन उभा राहिला, तेव्हा त्याने काय लिहावे? १९३० च्या गणनेत 'हिंदू' हा एक वंश होता आणि 'मेक्सिकन' हा दुसरा. गोरेतर वंशांच्या मिश्र संततीस सामान्यतः बापाचा वंश लावावा, असा नियम होता. म्हणजे मूल 'हिंदू'. १९४० साली 'मेक्सिकन' हा रकाना काढून टाकण्यात आला आणि आई कागदोपत्री गोरी झाली. मूल मात्र 'हिंदू'च राहिले, कारण गोऱ्या रक्तात दुसरे मिसळले की दुसऱ्याचीच नोंद करावयाची, असा दंडक होता. धर्माच्या नावाने वंश मोजण्याचा हा प्रकार विनोदी वाटेल. परंतु नागरिकत्व आणि जमिनीचा हक्क हे दोन्ही वंशावरच ठरत होते. १९२३ साली भगतसिंग थिंद या शीख गृहस्थाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की शास्त्रज्ञ काहीही म्हणोत, सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे हिंदुस्थानी मनुष्य गोरा नव्हे. त्यामुळे तो नागरिक होण्यास अपात्र; आणि जो अपात्र, त्याला कॅलिफोर्नियात १९१३ पासून शेतजमीन विकत घेता येत नव्हती. कित्येक वर्षे कसलेल्या जमिनीच्या कागदावर या शेतकऱ्यांना दुसऱ्याचे नाव घालावे लागे.

ही बंदी १९४६ साली उठली. त्याच खोऱ्यात शेती केलेले दलीपसिंग सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेले. शिरगणतीतील 'हिंदू' वंश तोवर नाहीसा झाला होता. १९७० च्या गणनेत हिंदुस्थानी वंशाच्या लोकांची नोंद 'गोरे' म्हणून झाली. जे थिंद यांना भांडून मिळाले नव्हते, ते न मागता आले. थिंद १९६७ मध्येच निवर्तले होते. १९८० साली रकाना पुन्हा बदलला, आणि सिंग आडनावाची, स्पॅनिश बोलणारी ती मुले, आता पन्नाशी-साठीला आलेली, 'एशियन इंडियन' या नव्या चौकटीपुढे येऊन थांबली.