अंतर, घड्याळ आणि अँडीज

अर्जेंटिनाची राजधानी ब्वेनोस आइरेस आणि चिलीची राजधानी सान्तियागो यांच्यामधील हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर आहे. सान्तियागोकडे जाणारे विमान आज साधारण सव्वादोन तासांत पोहोचते. परतीच्या प्रवासाला त्याहून काहीसा कमी वेळ पुरतो. हा किरकोळ फरक कित्येक प्रवाशांच्या ध्यानातही येत नसेल. परंतु त्याचे कारण नीट उमगण्यापूर्वी या मार्गावर माणसांचे बळी गेले आहेत.

वाटेचा बराचसा भाग सपाट मैदानाचा आहे. खरा अडसर अखेरीस येतो. मेंडोझापासून सान्तियागो सरळ रेषेत दोनशे किलोमीटरही नाही. मात्र मध्ये अँडीज उभा आहे. इ. स. १८१७ मध्ये जनरल सान मार्तीन यांच्या सैन्याला खेचरांसह तो ओलांडण्यास सुमारे तीन आठवडे लागले. पुढे उभय देशांतील सीमातंटा शमल्यावर १९०४ साली तेथील एका खिंडीत, ३,८०० मीटरहून अधिक उंचीवर, ख्रिस्ताची कांस्यमूर्ती उभारण्यात आली. तिचे भागही शेवटच्या चढणीवर खेचरांनीच वाहून नेले. १९१० साली आगगाडी आली आणि १२ डिसेंबर १९१८ रोजी दागोबेर्तो गोदोय या चिली वैमानिकाने सान्तियागोहून निघून सुमारे दीड तासात हा पर्वत पार केला.

वेळ अशी आकसत गेली, पण ती मोजण्याची रीत मात्र भाबडी राहिली. खाली ढग असले की वैमानिक वेग आणि लोटलेला वेळ यांचा गुणाकार करून आपण कोठे आहोत हे ठरवीत. २ ऑगस्ट १९४७ रोजी ‘स्टार डस्ट’ नावाचे ब्रिटिश विमान अकरा जणांना घेऊन ब्वेनोस आइरेसहून दुपारी पावणेदोनला निघाले. ५.४१ वाजता त्याने संदेश धाडला, की आपण ५.४५ ला सान्तियागोला उतरू. त्यानंतर ते नाहीसे झाले. अर्धशतकानंतर, १९९८ साली, तुपुंगातो पर्वताच्या हिमनदीत गिर्यारोहकांना त्याचे अवशेष आढळले. अतिउंचीवर पश्चिमेकडून वाहणाऱ्या प्रचंड वेगाच्या वाऱ्याने, म्हणजेच जेट स्ट्रीमने, विमानाला मागे रेटले असावे, असा तपासाचा निष्कर्ष निघाला. त्या काळी या वाऱ्याचे ज्ञान फारच तोकडे होते. घड्याळाच्या हिशेबाने पर्वत मागे पडला होता. प्रत्यक्षात तो समोरच होता.

दुसरा अपघात अधिक परिचित आहे. १३ ऑक्टोबर १९७२ रोजी मेंडोझाहून सान्तियागोला निघालेल्या उरुग्वेच्या विमानात ४५ जण होते. त्यांत एका कॅथलिक शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा रग्बी संघ होता. प्लांचोन खिंडीपासून कुरिको शहरापर्यंत अकरा मिनिटे लागणार होती. सहवैमानिकाने तीनच मिनिटांनी कुरिको आल्याचे कळविले आणि विमान उत्तरेकडे वळवून ढगांतून खाली आणले. बहात्तर दिवसांनंतर सोळा जण जिवंत परतले. जपमाळेची प्रार्थना आणि मृत सोबत्यांच्या देहांवर जगण्याचा दारुण निर्णय यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तुलनेने दुर्लक्षित राहिली ती त्या आठ मिनिटांची चूक, जी अपघातानंतरही त्यांच्या मानगुटीवर बसली. कुरिको ओलांडले, असे मरणासन्न सहवैमानिक सांगत राहिला. म्हणून चिलीची हिरवी खोरी पश्चिमेच्या कड्यापलीकडेच आहेत, असे सर्वांनी धरून चालले. डिसेंबरमध्ये पारादो आणि कानेसा तो कडा चढून गेले, तेव्हा पलीकडे नजर पोहोचेल तिथवर बर्फाच्छादित शिखरेच दिसली. माणूस भेटेपर्यंत ते सुमारे दहा दिवस चालले. पूर्वेला, अर्जेंटिनाच्या बाजूस, जेमतेम वीस किलोमीटरांवर एक ओस पडलेले हॉटेल होते.