‘सावळज गटाचे आबा’
‘आबा’ म्हणजे रावसाहेब रामराव तथा आर. आर. पाटील (१९५७-२०१५). जन्म तासगाव तालुक्यातील अंजनी येथे. मूळ मजकुरात लेखकाने त्यांना थेट मंत्री म्हणून आणले आहे. पण त्याआधीची अकरा वर्षे वगळून चालणार नाही. १९७९ ते १९९० ते सांगली जिल्हा परिषदेत सावळज गटाचे सदस्य होते. शाळेची गळकी खोली, पाणंद, पिण्याचे पाणी हे तिथले रोजचे विषय. १९९०मध्ये ते तासगावातून विधानसभेवर गेले आणि सलग सहा निवडणुका जिंकले. ग्रामविकास खाते मिळाल्यावर २०००मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात जिल्हा परिषदेचा हा अनुभव स्पष्ट दिसतो: आधी गावाने श्रमदानाने गाव झाडायचे, बक्षीस नंतर. गृहमंत्री असताना २००७मध्ये आलेली तंटामुक्त गाव मोहीमही त्याच वळणाची. भांडण पोलीस ठाण्यात जाण्याआधी गावातच मिटवायचे. आमच्या मते त्यांचे खरे मोठेपण या दोन योजनांत आहे, लेखकाने रंगवलेल्या डान्सबारबंदीत (२००५) तितके नाही. मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर डिसेंबर २००८मध्ये त्यांनी गृहखात्यासह उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढच्या वर्षी गृहखाते पुन्हा त्यांच्याकडे आले. — संपा.