भिंतींशिवायचं विद्यापीठ

घरबसलं शिक्षण म्हटलं की आपल्याला २०२० आठवतं. लॉकडाउन, झूम आणि ‘सर, आवाज येत नाहीये!’ मला मात्र या इतिहासाचा खरा नायक साधा लँडलाइन फोन वाटतो.

टपालाने शिकवणं जुनंच. १८४० साली ब्रिटनमध्ये एका पेनीत पत्र जाऊ लागलं आणि आयझॅक पिटमन यांनी लघुलिपीचे धडे टपालाने पाठवायला घेतले. १८७३ मध्ये बॉस्टनच्या ॲना टिकनर यांनी घरच्या घरी शिकू पाहणाऱ्या बायकांसाठी पत्रांची शाळा काढली. म्हाताऱ्यांचा विचार मात्र मागेच राहिला. शिक्षण म्हणजे पुढच्या आयुष्याची तयारी. मग ज्यांचं बरंचसं आयुष्य जगून झालं, त्यांना ते कशाला?

या समजाला १९७३ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझ शहरात धक्का बसला. प्येर व्हेलास यांनी निवृत्तांसाठी ‘तिसऱ्या वयाचं विद्यापीठ’ सुरू केलं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनने ही कल्पना उचलली, पण तिथे सभासदच एकमेकांना शिकवू लागले. परीक्षा नाही, पदवी नाही. न लिहिलेली अट एकच होती : वर्गापर्यंत येता आलं पाहिजे. गुडघ्यांनी किंवा जिन्याने ज्यांना घरात अडकवलं, ते बाहेरच राहिले.

१९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘डोरोट’ संस्थेने नेमक्या या लोकांसाठी फोनवर वर्ग भरवले. नाव होतं ‘भिंतींशिवायचं विद्यापीठ’. अनेक घरं एकाच कॉलवर जोडली जायची. कुणाला नवं यंत्र शिकायला लागलं नाही. घरात होतं तेच कामी आलं. शिवाय रेडिओला प्रश्न विचारता येत नाही, फोनवर विचारता येतो. आपलं बोलणं कुणीतरी ऐकतंय, हेही कळतं.

त्याच वर्षी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. ब्रीद : ‘ज्ञानगंगा घरोघरी’. शिक्षण सुटलेल्या कितीतरी जणांना त्याने पुन्हा दार उघडलं. पण पदवी नको असलेल्या, नुसती चार माणसांत बसून शिकायची हौस असलेल्या आजीसाठी आपल्याकडे काय आहे? बहुतेक घरांत व्हॉट्सॲपवर पाठवलेली व्हिडिओची लिंक. ती पाठवायला दहा सेकंद लागतात. त्याऐवजी आठवड्यातून एकदा तिच्या चार मैत्रिणींना ग्रुप कॉलवर जोडून द्यायला पाच मिनिटं लागतील. विषय त्या ठरवतील. शिकवतीलही त्याच.