काळजी

‘काळजी’ आली काळजातून. काळीज आज आपण हृदयाच्या अर्थानं घेतो. मूळ संस्कृत ‘कालेय’ म्हणजे यकृत. चिंता आधी पोट धरते, हे जुन्यांनी बरोबर हेरलं होतं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणीत कपाशी टोबून झाली की पाऊस दडी मारतो. शेजारशेजारची दोन्ही वावरं कोरडीच. पण एकजण निजतो, दुसऱ्याला अन्न गोड लागत नाही, रात्री दोनदा उठून तो आभाळ बघतो. मानसशास्त्र याला चिंताप्रवण स्वभाव म्हणतं. त्याला भित्रा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. हा आजार नव्हे, मात्र अशा माणसाला नैराश्य लवकर गाठतं. २०१५ मध्ये यवतमाळसह १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प आला, तो याच कारणानं मोलाचा. आता ‘टेली-मानस’ या हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतूनही बोलता येतं.