गाडी ‘मिसिंग’ करते? आधी स्पार्क प्लग तपासा

बेलपाडा हे खारघरमधलं गाव सायन-पनवेल महामार्गाजवळ आहे. इथून पुण्याला निघालेली गाडी कळंबोलीला द्रुतगती मार्गाला लागते आणि खोपोलीनंतर बोरघाट चढू लागते. खारघरच्या रस्त्यांवर नीट चालणारी गाडी अनेकदा या चढावरच झटके देऊ लागते. मेकॅनिक याला ‘मिसिंग’ म्हणतात. त्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे झिजलेला स्पार्क प्लग.

घाटातच का?

प्लगच्या टोकाशी दोन इलेक्ट्रोड असतात आणि त्यांच्यामधल्या फटीतून ठिणगी उडते. तीच इंधन पेटवते. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लग झिजून फट वाढली असेल, तर ठिणगी चुकते. सीएनजीला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे सीएनजी गाडीत हा दोष लवकर दिसतो.

न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो भाग निकामी होऊ शकतो. त्याची किंमत प्लगच्या कितीतरी पट असते. म्हणून ‘चेक इंजिन’चा दिवा लुकलुकत असेल, तर गाडी तशीच दामटू नका.

प्लग कसा निवडावा?

महाग प्लग म्हणजे योग्य प्लग, असं नाही. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला क्रमांकच घ्या. त्यात आट्यांचा व्यास, लांबी आणि ‘हीट रेंज’ ठरलेली असते. लांबी जास्त झाली, तर प्लग पिस्टनला लागू शकतो.

हीट रेंज म्हणजे प्लग आपली उष्णता किती लवकर बाहेर टाकतो, ते. त्याचं टोक साधारण ५०० ते ८५० अंश सेल्सिअस तापायला हवं. कमी तापलं, तर काजळी धरते. जास्त तापलं, तर ठिणगीआधीच इंधन पेटतं. एनजीके आणि डेन्सोमध्ये मोठा आकडा म्हणजे ‘थंड’ प्लग, तर बॉशमध्ये नेमकं उलट. त्यामुळे कंपनी बदलताना नुसता आकडा जुळवू नका.

साधा निकेलचा प्लग साधारण २० ते ४० हजार किमी चालतो, इरिडियमचा ८० हजार ते १ लाख. इरिडियम सुमारे २,४४६ अंशांना वितळतं, म्हणून त्याचं बारीक टोकही टिकतं. मात्र त्यामुळे इंजिनाची ताकद फारशी वाढत नाही.

बसवताना काय पाहावं?

• इंजिन पूर्ण गार होऊ द्या. गरम ॲल्युमिनियम हेडमधून प्लग काढताना आटे जाऊ शकतात.
• प्लगभोवतीची धूळ आधी हवेनं उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते.
• गॅप फीलर गेजनं मोजा. बहुतेक गाड्यांत तो ०.७ ते १.१ मिमी असतो, पण पुस्तिकेतला आकडा अंतिम. गरज पडल्यास फक्त बाहेरचा इलेक्ट्रोड हलका वाकवा. इरिडियमच्या मधल्या टोकाला धक्का लावू नका.
• प्लग आधी हातानंच फिरवा. अडला, तर जोर न करता काढून पुन्हा लावा.
• वॉशर असलेला नवा प्लग हातानं टेकल्यावर पान्यानं साधारण अर्धा फेरा पुरतो. टॉर्क पाना असेल, तर पुस्तिकेतल्या आकड्याइतकाच आवळा. ढिला प्लग जास्त तापतो, अति आवळलेला आटे खातो.

जुना प्लग काय सांगतो?

फेकण्यापूर्वी त्याचं टोक बघा. फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल, तर इंजिन ठीक आहे. कोरडी काजळी असेल, तर एअर फिल्टर तपासा. टोक तेलकट असेल, तर ऑइल आत शिरतंय. पांढरं, फोड आलेलं टोक म्हणजे इंजिन जास्त तापतंय. तेलकट किंवा भाजलेला प्लग नुसता बदलून भागत नाही. मूळ दोष तसाच राहिला, तर नवा प्लगही लवकरच खराब होतो.